हजेरीचा फोटो

फळीचा पहिला फटका मांड्यांच्या मागे बसला तेव्हा जोवेन हसला होता. "एक. आभार, मास्टर," असं ठणठणीत आवाजात म्हणालाही होता. साखर कारखान्याचं बंद पडलेलं गोदाम, भर दुपार, वर तापलेले पत्रे, आणि विद्यापीठातल्या 'बंधुमंडळा'त शिरायला निघालेले दोन नवखे डोळ्यांवर पट्टी बांधून, भिंतीला हात टेकून ओणवे उभे होते. एक जोवेन, दुसरा पिडिंग. प्रत्येक फटका मोठ्याने मोजायचा, मारणाऱ्याचे आभार मानायचे, आकडा चुकला की पुन्हा एकपासून. बंधू म्हणे! जनावराला बडवणारासुद्धा मध्ये दम खायला थांबतो, हे थांबत नव्हते.

मारणारा होता रेनान वेलोसो, गुन्हेशास्त्राच्या शेवटच्या वर्षाचा. उद्या अंगावर पोलिसाची वर्दी चढवणार होता तो! त्याचा बाप रस्त्यांची कंत्राटं घ्यायचा आणि ठाण्यातले निम्मे शिपाई त्याच्याच घरी जेवायचे. फळी वल्ह्यासारखी लांब, सपाट, मुठीला लाल दोरी गुंडाळलेली. पिडिंगचे आकडे लवकरच चुकायला लागले. पाय लटपटले, तोंडातून थुंकी गळायला लागली, आणि रेनान म्हणाला, "चला, पुन्हा एकपासून."

तेव्हा जोवेन बोलला. "याच्या वाटणीचे मला द्या."

"मोठा आलाय संत!" रेनान खिदळला. "घे की मग. पोटभर घे."

पिडिंगच्या डोळ्यांवरची पट्टी घसरली होती. त्याने सगळं पाहिलं. जोवेन गुडघ्यांवर आला ते पाहिलं, त्याचा आवाज बसत गेला ते पाहिलं, आवाज बंद झाल्यावरही फळी चालूच राहिली तेही पाहिलं. मग रेनान आणि त्याच्या दोघा बंधूंनी दोन्ही नवख्यांना गाडीत घातलं, जोवेनला नदीवर नेलं आणि कमरेइतक्या पाण्यात सोडून दिलं. पिडिंगला वाटेतच रस्त्याच्या कडेला ढकलताना रेनान त्याच्या कानाशी वाकून म्हणाला, "तुम्ही दोघं पोहायला गेला होतात. तो बुडाला. वेगळं काही तोंडातून निघालं तर तूही बुडशील."

ठाण्यात तसंच लिहिलं गेलं. जोवेनला पुरलं. पिडिंग घरी गेलाच नाही. बंदरावरून मिळेल त्या होडीने तो आपल्या आजीच्या बेटावर जाऊन लपला.

बेट कसलं, समुद्रात पडलेलं ढेकूळ. पन्नासेक घरं, एक चर्च, बाकी सुकत घातलेली मासळी. लोला आगापिताने, म्हणजे त्याच्या आजीने, नातवाच्या काळ्यानिळ्या मांड्या पाहिल्या आणि रेनानच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग पेरूच्या पाल्याचं पाणी उकळून शेकत बसली. "शिकायला पाठवला होता रे तुला, तोतो, पोरा," ती पुनःपुन्हा म्हणायची. "शिकायला!"

शिकणं मात्र थांबलं नव्हतं, आणि ते मॅम पुरिंगमुळे. या बाई निवृत्त पोलीस हवालदार. गुन्हेशास्त्राच्या वर्गात त्यांची हजेरी म्हणजे कवायत असायची. नाव पुकारलं की हातातलं टाकून उभं राहायचं, टाचा जुळवायच्या, मान ताठ, डोळे समोर, आणि "हजर, मॅम!" कुजबुजला तर पुन्हा. पहिल्या वर्षापासून ही सवय पोरांच्या हाडात मुरलेली. वर्गात त्या पुस्तकातलं सगळं इमानाने शिकवायच्या. पण पुस्तकात प्रेताला वास नसतो, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणून त्यांनी शनिवारी सकाळचे ऑनलाइन सेमिनार सुरू केले. आठवडाभर फळ्यावर जे झालं त्यावर शनिवारी खराखुरा माणूस बोलायचा. कधी राजधानीतला शवविच्छेदनाचा डॉक्टर, कधी चाळीस वर्षं खुनांच्या मागे धावलेला म्हातारा तपासनीस. सगळ्या वर्षांच्या सगळ्या पोरांना सक्ती. पोरं नाव लावून झोपा काढतात हे मॅमना ठाऊक होतं, म्हणून हजेरी शेवटी. सगळ्यांनी कॅमेरे लावायचे, मॅम "एक, दोन, तीन" म्हणून पडद्याचा फोटो काढायच्या. आधी एक सभ्य, मग एक वेड्यावाकड्या तोंडांचा. फोटोत तोंड नाही तर हजेरी नाही. संध्याकाळी तो फोटो विभागाच्या पानावर झळकायचा. त्या देशात कुठलाही सेमिनार असो, तो फोटोशिवाय संपतच नाही.

पिडिंगने धीर करून फोन केला तो मॅमनाच. सगळं सांगितलं.

"कुठे आहेस ते मलासुद्धा सांगू नकोस," मॅम म्हणाल्या. "ठाण्याच्या आसपास फिरकू नकोस. प्रांताच्या मुख्य शहरात एक सरकारी वकील आहे, बाई आहे, विकली जात नाही. त्यांच्याकडून मी पुढच्या सोमवारनंतरचा सोमवार मागून घेते. तू जबानी दिलीस तर त्या पोराचं थडगं उघडता येईल. नाही दिलीस तर तो बुडालेलाच राहील. कळतंय?"

"हो, मॅम."

"तोवर शनिवारी ऐकायला येत जा. पण कॅमेरा लावायचा नाही. तुझी हजेरी मी बघते."

एवढं स्पष्ट सांगितलं होतं हो बाईंनी!

त्या शनिवारी डॉक्टर इल्देफोन्सो बोलत होते. विषय मॅमनी मुद्दामच निवडलेला: पाण्यात सापडलेलं प्रेत. लोलाच्या घरात सिग्नल फक्त स्वयंपाकघरातल्या पूर्वेच्या खिडकीपाशी मिळायचा. पडद्यावर ऊन येतं म्हणून पिडिंगने खिडकीवर एक जुना फ्लेक्स टांगला होता, पांढरी बाजू आत. गावात असे फ्लेक्स घरोघरी. निवडणूक संपली की कुणी त्याने कोंबड्यांचं खुराडं झाकतं, कुणी गळकं छप्पर.

"जिवंत माणूस बुडतो तेव्हा श्वासाबरोबर पाणी आत ओढतो," डॉक्टर सांगत होते. "तोंडाशी फेस येतो. मेलेला माणूस श्वास घेत नाही, तर पाणी तरी कसं ओढेल? खुनी पाण्यावर भरवसा ठेवतो. पाणी काही लपवत नाही, पोरांनो. बघणारा पाहिजे."

मग एका चौकटीतून बाईचा आवाज आला. चौकटीखाली नाव होतं जोवेनचं. जोवेनचं नाव मॅमनी यादीतून काढलं नव्हतं, आणि त्याची नानाय, म्हणजे आई सेलिंग, लेकाचा लॅपटॉप उघडून दर शनिवारी येऊन बसत होती.

"डॉक्टरसाहेब, मी अडाणी आहे, चुकलं तर माफ करा. कोळ्याचा पोर, सात वर्षांचा असल्यापासून पोहतोय. तो कमरेइतक्या पाण्यात बुडतो का हो?"

पडद्यावर शंभरावर चौकटी होत्या. रेनानचीही चौकट होती त्यात, काळी, नुसतं नाव.

"नाही बाई," डॉक्टर म्हणाले. "असा बुडत नाही."

शेवटी मॅमनी कॅमेरे लावायला सांगितले. एकेक तोंड उजळत गेलं. रेनान वेलोसोचंही, तेल लावून भांग पाडलेलं, हसरं. नानाय सेलिंगने स्वतःचा चेहरा दाखवलाच नाही. तिने जोवेनचा फोटो छातीशी धरून कॅमेऱ्यासमोर केला. लेकाची हजेरी लावत होती ती! पिडिंगला ते बघवेना. ज्याने आपल्या वाटणीचे फटके खाल्ले त्याची आई उघड्यावर बसलीय, आणि आपण काळ्या चौकटीत दडून बसलोय? तिला वाटत असेल हा पळाला. निदान तिने एकदा तोंड बघावं, आपण आहोत एवढं तिला कळावं. त्याने कॅमेरा लावला. ढग सरला आणि खिडकीवरच्या फ्लेक्सवर मागून लख्ख ऊन पडलं.

"एक, दोन, तीन," मॅम म्हणाल्या. नंतर त्यांचं लक्ष गेलं असावं, कारण लगेच त्यांचा निरोप आला: गाढवा, बंद कर!

त्याने बंद केला. फोटो मात्र मॅम सोडून आणखी दहा जणांनी काढलेला होता, आणि संध्याकाळी त्यांच्यापैकीच कुणीतरी तो पानावर चढवलाही.

पुढचा सगळा आठवडा वादळाचा इशारा होता. किनाऱ्यावरून होडी सुटायला बंदी. लोला म्हणायची, "बरंय, देवाने दाराला कडी लावलीय." पिडिंग आपली जबानी मनात घोकत बसायचा. शुक्रवारी समुद्र निवला. शनिवारी सकाळी बंदी उठली. रविवारी शहर गाठायचं, सोमवारी वकिलीणबाईंसमोर उभं राहायचं, असं ठरलं होतं.

शनिवारी तो पुन्हा खिडकीपाशी बसला. लोला चुलीवर पेज ढवळत होती. "त्या डब्याकडे बघून पोट भरतं का रे तुझं? बघ कसा झालायस, सुकटीसारखा."

"लोला, हळू बोल ना. सर शिकवतायत."

"शिकवू दे की. मी काय त्यांच्या तोंडाला हात लावलाय?"

डॉक्टर आज मारहाणीचे वळ कसे वाचायचे ते सांगत होते. रेनानची चौकट होती, काळी. एवढ्यात वर्गातल्या मेल्बाचा निरोप आला. "पिडिंग, मागच्या शनिवारी तुझ्या मागच्या पडद्यावर कुणाचं तोंड होतं? रेनानची टोळी आठवडाभर तो फोटो मोबाइलवर उलटासुलटा करून बघत होती. आज सकाळपासून तिघंही खोलीवर नाहीत."

पिडिंगने मान वळवली. उन्हात फ्लेक्स पेटल्यासारखा झाला होता, आणि पांढऱ्या बाजूतून कप्तान मकारिओ हसत होता. गावचा कप्तान, म्हणजे सरपंचच, गेल्या निवडणुकीतला, दोन्ही हात जोडलेला. त्याच्याखाली ठसठशीत अक्षरांत उलटं त्याचं नाव, आणि उलटंच गावाचं नाव. मोबाइलवर फोटो आरशासारखा उलटवला की शेंबडं पोरही वाचेल. बाहेर किनाऱ्यावर एका होडीचं इंजिन फटफटलं आणि बंद पडलं.

"लोला, मागच्या दाराने निघ."

"का? कोण आलंय?"

"निघ म्हणतो ना!"

निघायला वेळच मिळाला नाही. दार लाथेने आत आलं, बिजागरीसकट. पुढे रेनान, मागे त्याचे दोघे बंधू. रेनानच्या हातात तीच फळी होती, लाल दोरीची. दुसऱ्याकडे कोयता. आणि रेनानच्या शर्टाच्या खिशातून डॉक्टर इल्देफोन्सोंचा बारीक आवाज येत होता. खिशातल्या मोबाइलवर सेमिनार चालू होता! उद्या कुणी विचारलं तर हे महाशय सकाळभर शिकत होते, शेवटच्या फोटोत हसतसुद्धा होते. गुन्हेशास्त्र असं कामाला लावलं होतं पठ्ठ्याने.

"काय रे पिडिंग, कॅमेऱ्याची हौस भारी तुला," रेनान म्हणाला.

लोला डाव घेऊन मध्ये आली. कोयतेवाल्याने तिला एका हाताने भिरकावलं. तिचं डोकं चुलीच्या दगडावर आपटलं आणि ती तिथेच बसली, पांढऱ्या केसांतून रक्त गळायला लागलं. पिडिंग ओरडून धावला. फळी त्याच्या बरगडीत बसली, आत काहीतरी मोडल्याचा आवाज त्याने स्वतःच्या कानांनी ऐकला. दुसरा फटका हातावर. तो मेजावर कोसळला, आणि कोसळताना त्याच्या शाबूत हाताने एकच गोष्ट केली. कॅमेरा लावला, माइक उघडला.

"मॅम!" तो किंचाळला.

"मोज," रेनान म्हणाला. त्याचं लक्षच नव्हतं लॅपटॉपकडे. तिसरा फटका खांद्यावर. "मोज ना. आज तुझ्या वाटणीचे घ्यायला कोण येणार?"

डॉक्टर बोलता बोलता थांबले. कुणीतरी मुलगी रडायला लागली. मग मॅम पुरिंगचा आवाज आला, वर्गात यायचा तसाच, भिंती हलवणारा. लॅपटॉपमधून आला आणि रेनानच्या छातीवरच्या खिशातूनही आला.

"रेनान वेलोसो!"

चार वर्षांची सवय ती. डोक्याला कळायच्या आत हाडांना कळलं. रेनानच्या टाचा जुळल्या, मान ताठ झाली, तोंड आवाजाकडे वळलं. फळी वर उचललेली, तिच्या कडेवर रक्त, आणि तोंडातून निघून गेलं, "हजर, मॅम!"

"एक, दोन, तीन," मॅम म्हणाल्या. "झाला फोटो. सगळ्यांनी काढा. सगळ्यांनी!"

तेव्हा कुठे रेनानला पडद्यावरची तोंडं दिसली. शंभरावर तोंडं, सगळे कॅमेरे चालू, आणि सगळे त्याच्याकडे बघताहेत. त्याच्या दोघा बंधूंनीही ती पाहिली. कोयता खाली पडला आणि बंधू दारातून जे पळाले ते मागे वळून बघायलाही थांबले नाहीत. बंधुभाव एवढाच होता तो. रेनानची पाचावर धारण बसली, पण माघार घ्यायची अक्कल त्याच्यात कधीच नव्हती. "बंद कर ते!" म्हणत त्याने फळी लॅपटॉपवर उगारली.

लोलाने उठून उकळत्या पेजेचं पातेलं त्याच्या पाठीवर ओतलं.

त्याची किंकाळी होडी लावणाऱ्यांनी किनाऱ्यावर ऐकली. गाव धावत आलं, हाताला लागेल ते घेऊन. वल्ही, काठ्या, मासळी टोचायचे आकडे. सगळ्यात पुढे कप्तान मकारिओ, फ्लेक्सवर हसणारा, आज हसत नव्हता. लोलाचं रक्त पाहिल्यावर कुणी कुणाला विचारलं नाही. वल्ही पडायला लागली. रेनान अंगणात लोळत होता, हात डोक्यावर घेऊन, आणि रडत सांगत होता की त्याच्या बापाला फोन करा. त्याचा एक दात पायरीवर पडला होता. कुणीतरी म्हणालं, "समुद्रात टाका. पोहायला आला होता म्हणून सांगू."

पिडिंग भिंतीला धरून बाहेर आला. डावा हात लोंबत होता. "सरका," तो म्हणाला. त्याच्या उजव्या हातात रेनानची फळी होती.

गाव सरकलं. आणि खरं सांगायचं तर पिडिंगला त्याला मारायचंच होतं. चांगुलपणा वगैरे काही उरला नव्हता त्याच्यात. तळपायाची आग मस्तकात गेली होती. एकेक फटका मोजायला लावायचा, आकडा चुकला की पुन्हा एकपासून, आवाज बंद होईपर्यंत, आणि बंद झाल्यावरही. त्याने फळी उचलली. रेनानने वर पाहिलं आणि आपणहून म्हणाला, "आभार, मास्टर. आभार." अजून फटका बसलाही नव्हता.

"पिडिंग!" आतून आवाज आला. मॅमचा नव्हता. थकलेला, खरखरीत. "पिडिंग, बाळा, तिथे आहेस का?"

फळी हवेतच राहिली.

"मी जोवेनची आई बोलतेय. मला दिसत नाहीये काही. तू त्याला मारतोयस का?"

नानाय सेलिंग बोलतच राहिली.

"मार हवं तर. मी कोण अडवणार? पण आधी मला सांग रे. हा मेला तर तुला आत टाकतील, आणि मग मला कोण सांगेल? मला सगळे म्हणतात तो बुडाला. माझ्या पोराला पोहता येत होतं."

पिडिंगने फळी कप्तानाच्या हातात दिली. "याला बांधून ठेवा. श्वास चालू राहिला पाहिजे. ही फळी कुणी धुऊ नका, हिच्यावर रक्त आहे." एवढं बोलून तो आत गेला.

लोलाच्या डोक्याला शेजारणीने फडकं बांधलं होतं. तिने नातवाला खांद्याशी धरून खुर्चीत बसवलं. एकही चौकट बंद झाली नव्हती. जोवेनच्या नावाच्या चौकटीत आज फोटो नव्हता, त्याची आई स्वतः बसली होती.

"सगळं नोंदलं जातंय, पिडिंग," मॅम पुरिंग म्हणाल्या. त्यांचा आवाज कवायतीचा राहिला नव्हता. "सोमवारी पुन्हा बोलावं लागेल. आता झेपत नसेल तर राहू दे."

"झेपतं, मॅम." त्याने ओठांवरचं रक्त पुसलं. "नानाय, आम्ही नदीवर पोहायला गेलोच नव्हतो."

मग तो बोलत गेला. गोदाम, ओणवं उभं राहणं, मोजणं, कोणी मारलं, कोणी धरलं, कोणी गाडी चालवली. नावं घेतली. नानाय सेलिंग रडली नाही, फक्त पडद्याच्या आणखी जवळ सरकली. आणि मग ती जागा आली जी टाळण्यासाठी तो इतके दिवस तिला फोन करू शकला नव्हता.

"माझे पाय गेले होते, नानाय. आकडे चुकत होते. तर तो म्हणाला..." पिडिंगची मान खाली गेली. "तो म्हणाला, याच्या वाटणीचे मला द्या. त्यांनी दिले. माझे त्याने खाल्ले, म्हणून मी इथे बसलोय. मला माफ करू नका. पण असं झालंय ते."

चुलीतलं लाकूड तडकलं. बाहेर रेनान कण्हत होता.

"त्याच्या धाकट्या भावाने एकदा बापाची होडी बुडवली होती," नानाय सेलिंग हळू म्हणाली. "बाप पट्टा घेऊन उठला, तर हा मध्ये जाऊन उभा राहिला. दहा वर्षांचा होता. म्हणाला, याच्या वाटणीचे मला द्या." तिने रुमाल तोंडाशी नेला. "तूच सांगतोयस रे खरं. दुसऱ्या कुणाला हे ठाऊक असणार नाही. तोच होता तो, माझाच."

आणि मग ती रडली, महिन्याभरात पहिल्यांदा. पिडिंगही रडला, बरगडी दुखत होती तरी. कुणीही निघून गेलं नाही.